फक्त शेवटचा कागद पुरत नाही

साठ वर्षांचे एक मधुमेही गृहस्थ आहेत असे समजा. रक्तातले क्रिएटिनिन तपासले, ते डेसिलिटरला २.४ मिलिग्रॅम आले. या आकड्यात वय आणि लिंग मिळवून मूत्रपिंड किती काम करत आहे याचा अंदाज काढला जातो. त्या अंदाजाला ई-जीएफआर म्हणतात आणि रिपोर्टवर तो क्रिएटिनिनच्या खालीच छापलेला असतो. या गृहस्थांचा ई-जीएफआर २००९ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने, वंशाचा गुणक न लावता, २८ येतो. त्याच सूत्राची सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये आली. तिने काढला तर ३० येतो.

रक्त तेच आहे, माणूस तोच आहे. पण ३० च्या खाली मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी देऊ नये असा नियम आहे. मूत्रपिंडाच्या आजाराचा टप्पाही ३० या आकड्यावर बदलतो: १५ ते २९ हा चौथा टप्पा, ३० ते ४४ हा ‘तीन-ब’. कोणताही शहाणा डॉक्टर एकाच आकड्यावर गोळी बंद किंवा सुरू करत नाही, हे खरे. तरीही जुना २८ चा आणि नवा ३० चा असे दोन रिपोर्ट शेजारी ठेवले, तर ‘सुधारणा दिसते आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो. सुधारले काय, मूत्रपिंड की सूत्र?

हे सांगता येण्यासाठी एक गोष्ट माहीत असावी लागते. ज्या दिवशी आकडा छापला, त्या दिवशी संगणकात कोणते सूत्र होते? ते कोणी, कधी आणि का बदलले? आजचा लेख या नोंदींविषयी आहे. विशेषतः ज्या दोन संगणकांमध्ये कोणतीही तार किंवा इंटरनेट नाही, त्यांच्यात हा सगळा पूर्वेतिहास एकाकडून दुसऱ्याकडे कसा न्यायचा, याविषयी. विषय संगणकाचा वाटेल, पण त्याचे दुसरे टोक रुग्णाच्या गोळीपर्यंत पोहोचते.

संगणकाचा केसपेपर

सरकारी रुग्णालयात काम सुरू करणाऱ्या प्रत्येक इंटर्नला पहिल्या आठवड्यातच एक नियम सांगितला जातो. केसपेपरवर चुकीचे लिहिले गेले तर व्हाइटनर लावायचा नाही, खरवडायचे नाही. एकच आडवी रेघ मारायची, जुने अक्षर वाचता आले पाहिजे, शेजारी बरोबर लिहायचे, सही करायची आणि तारीख-वेळ टाकायची. चूक झाली होती, ती कोणी आणि कधी दुरुस्त केली, हे मागाहून येणाऱ्याला कळले पाहिजे.

संगणकाच्या प्रोग्रॅमसाठी हेच काम करणाऱ्या व्यवस्थेला ‘व्हर्जन कंट्रोल’ म्हणतात. त्यातली आज सर्वांत जास्त वापरली जाणारी व्यवस्था म्हणजे ‘गिट’. लिनक्स ही संगणकप्रणाली तयार करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ च्या एप्रिलमध्ये लिहिली. लिनक्सचे काम तोपर्यंत ज्या खासगी सॉफ्टवेअरवर चालत असे, त्याचा मोफत वापर थांबला, म्हणून त्यांना स्वतःची व्यवस्था उभारावी लागली.

गिटमध्ये प्रत्येक बदलाची एक नोंद होते. तिला ‘कमिट’ म्हणतात. त्या नोंदीत पाच गोष्टी असतात: त्या क्षणी सर्व फाइली कशा होत्या, बदल कोणी केला, कधी केला, का केला याची एखादी ओळ, आणि याच्या आधीची नोंद कोणती. या सगळ्यावरून गणिताने एक ओळखक्रमांक काढला जातो. तो ४० चिन्हांचा असतो, आकडे आणि इंग्रजीतली पहिली सहा अक्षरे यांचा मिळून बनलेला. नोंदीतला एक स्वल्पविराम बदलला तरी क्रमांक पूर्ण बदलतो.

या रचनेचा खरा उपयोग पुढे आहे. प्रत्येक नोंदीच्या क्रमांकात आधीच्या नोंदीचा क्रमांक मिसळलेला असतो. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीच्या नोंदीत कोणी गुपचूप हात घातला, तर तिचा क्रमांक बदलतो, मग तिच्यानंतरच्या नोंदीचा बदलतो आणि असे करत आजच्या नोंदीपर्यंत सगळे क्रमांक बदलतात. शिवलेल्या फाइलीतले मधले पान काढून दुसरे घातले, तर शिवण उसवलेली दिसते, तसे. म्हणून शेवटच्या नोंदीचा क्रमांक आपल्याकडे आणि समोरच्याकडे सारखा असेल, तर त्यामागची सगळी पानेही सारखीच आहेत असे धरता येते.

आणखी एक गोष्ट. गिटमध्ये पूर्वेतिहास एखाद्या मुख्य संगणकावरच असतो असे नाही. ज्याने पूर्ण प्रत घेतली त्याच्याकडे पहिल्या दिवसापासूनचे सगळे दप्तर येते. मुख्य केंद्राशी संपर्क तुटला तरी काम अडत नाही.

मागचा माग नसेल तर

प्रोग्रॅमचा पूर्वेतिहास हा फक्त संगणकवाल्यांचा विषय आहे असे वाटत असेल, तर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे प्रकरण आठवावे. तिथल्या संशोधकांनी २००६ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. कर्करोगाच्या पेशींतल्या जनुकांच्या मोजमापावरून कोणत्या रुग्णाला कोणते केमोथेरपीचे औषध लागू पडेल हे आधी सांगता येईल, असा त्यांचा दावा होता. त्या आधारावर रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या.

ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातले कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्ज यांनी तीच आकडेमोड पुन्हा करून पाहायचे ठरवले. ती जुळेना. नेमके कोणत्या पायऱ्यांनी उत्तर काढले याचा माग उपलब्ध नव्हता, म्हणून उत्तरावरून मागे मागे जात त्यांना पायऱ्या शोधाव्या लागल्या. हे काम जवळजवळ शवविच्छेदनासारखे होते. त्यांना आढळले की जनुकांच्या यादीत एका ओळीची सरक झाली होती, म्हणजे एका जनुकाचे नाव शेजारच्याला लागले होते. काही ठिकाणी ‘औषधाला दाद देणारा’ आणि ‘न देणारा’ ही लेबले उलटी पडली होती. त्यांनी हे २००९ मध्ये छापले. २०१० मध्ये चाचण्या थांबल्या आणि २०११ मध्ये मूळ लेख मागे घेतला गेला. पुढे अमेरिकी सरकारी चौकशीत हा केवळ हलगर्जीपणा नव्हता, खोटी माहितीही वापरली गेली होती, असा निष्कर्ष २०१५ मध्ये निघाला.

लबाडी कोणतेही सॉफ्टवेअर रोखू शकत नाही. पण प्रत्येक पायरीची तारखेसह नोंद असती, तर ओळ कधी सरकली आणि लेबले कुठे उलटली हे शोधायला इतकी वर्षे लागली नसती. त्या वर्षांत कर्करोगाचे रुग्ण चाचण्यांत दाखल होत होते.

मध्ये तारच नाही

आता मुख्य अडचणीकडे येऊ. रुग्णालयातले, प्रयोगशाळेतले किंवा संशोधन विभागातले काही संगणक मुद्दाम इंटरनेटपासून तोडलेले असतात. त्याला कारणही तसेच आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने जगभरातले संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टना त्याची झळ बसली, हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर असाच हल्ला झाला. नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतचे काम सुमारे दोन आठवडे कागदावर करावे लागले. अशा घटनांनंतर महत्त्वाचा संगणक बाहेरच्या जगापासून वेगळा ठेवावा असे कोणालाही वाटेल. काही ठिकाणी तर वेगळा ठेवावाच लागत नाही, कारण तिथे नेटवर्क पोहोचतच नाही.

पण अशा एकांतातल्या संगणकावरचा प्रोग्रॅमही बदलावा लागतो. २००९ चे सूत्र जाऊन २०२१ चे यावे लागते. क्रिएटिनिन कुठे डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये देतात, कुठे लिटरला मायक्रोमोलमध्ये. दोन्हींत ८८.४ पटींचा फरक असतो, त्यामुळे एककाची एक ओळ चुकली तर उत्तर हास्यास्पद येते आणि ती तातडीने दुरुस्त करावी लागते.

अशा वेळी बहुतेक जण काय करतात? फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकतात आणि दुसरीकडे उतरवतात. महिन्याभरात तिथे ‘फायनल’, ‘फायनल नवे’, ‘फायनल नवे सरांनी बघितलेले’ अशी तीन फोल्डरे दिसू लागतात. यांतले चालू कोणते, हे ज्याने आणले त्यालाच माहीत असते आणि त्याची बदली झालेली असते. फाइली पोहोचल्या, पण त्या कशा बदलत गेल्या हे मागेच राहिले. रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात पाठवताना फक्त शेवटच्या दिवसाचा कागद हातात द्यावा, तसा हा प्रकार आहे. आज कोणती औषधे चालू आहेत हे त्यात दिसते. आधी कोणते औषध देऊन बंद केले आणि का बंद केले, हे दिसत नाही.

गठ्ठा बांधणे

गिटमध्ये यासाठी २००७ पासून एक सोय आहे. तिचे नाव ‘गिट बंडल’. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधून ठेवलेले असतात, हे अनेकांना माहीत असेल. बंडल हा तसाच रुमाल समजावा. संपूर्ण पूर्वेतिहास एकाच फाइलीत बांधला जातो. ती फाइल पेन ड्राइव्हवर, सीडीवर, कशावरही नेता येते.

पहिल्या खेपेला सगळेच बांधायचे. त्यासाठी ‘गिट बंडल क्रिएट’ ही आज्ञा, पुढे फाइलीचे नाव आणि ‘ऑल’ हा पर्याय एवढे पुरते. दुसऱ्या संगणकावर त्या फाइलीवरून ‘गिट क्लोन’ केले की पहिल्या नोंदीपासून आजपर्यंतचे दप्तर उलगडते. नोंदींचे लेखक, तारखा, कारणे आणि ४० चिन्हांचे क्रमांक सगळे जसेच्या तसे येतात. तिथल्या माणसाला २०२१ चे सूत्र कधी आले हे विचारायला फोन करावा लागत नाही.

पुढच्या खेपेपासून सगळे न्यायची गरज नसते. मागच्या वेळी कुठपर्यंत पाठवले तिथे एक खूण, म्हणजे ‘टॅग’, लावून ठेवायचा आणि त्या खुणेपासून पुढचे तेवढेच बांधायचे. असा गठ्ठा लहान होतो. त्याच्या वरच्या भागात एक अट लिहिलेली असते: हा गठ्ठा उघडायचा तर तुमच्याकडे अमुक क्रमांकाची नोंद आधीपासून हवी.

ही अट फार कामाची आहे. घेणाऱ्याने आधी ‘गिट बंडल व्हेरिफाय’ करायचे. आवश्यक असलेली मागची नोंद त्याच्याकडे नसेल, तर संगणक थांबतो आणि कोणता क्रमांक कमी आहे ते सांगतो. समजा मार्चचा पेन ड्राइव्ह वाटेत हरवला आणि एप्रिलचा पोहोचला. मार्चचे पान नसताना एप्रिलचे पान लावायला गिट तयार होत नाही. जुळत असेल तर ‘गिट फेच’ने नवी पाने आत घ्यायची. त्या वेळी आतला मजकूर वाटेत बिघडला आहे का, याचीही तपासणी होते.

कुठपर्यंत पाठवले याबद्दल शंका असेल तर थोडे आधीपासूनचे बांधावे. जी पाने घेणाऱ्याकडे आधीच आहेत ती दुबार लागत नाहीत. जास्त पाठवल्याने बिघडत नाही, कमी पाठवले तर अडते, हा साधा हिशेब लक्षात ठेवावा.

गुपचूप गळणारी पाने

न जुळणारा गठ्ठा नाकारला जातो, याचे महत्त्व किती, हे इंग्लंडमधल्या एका घटनेवरून कळते. २०२० च्या शरद ऋतूत तिथे कोविडची दुसरी लाट वर चढत होती. प्रयोगशाळांकडून आलेले रिपोर्ट मध्यवर्ती यंत्रणेत नेताना मध्ये एक्सेलचा जुना फाइल-प्रकार वापरला जात होता. त्यात ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. ती मर्यादा ओलांडल्यावर उरलेल्या ओळी गळून पडल्या आणि यंत्रणेने हूं की चूं केले नाही. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. त्या रुग्णांना स्वतःचा रिपोर्ट मिळाला होता. पण त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधण्याचे काम कित्येक दिवस उशिरा सुरू झाले, आणि तोवर ती माणसे घराबाहेर वावरत होती.

वैद्यकशास्त्रात आम्हाला दिसणाऱ्या चुकीपेक्षा न दिसणाऱ्या चुकीची धास्ती जास्त असते. नमुना फुटला तर पुन्हा घेता येतो. नमुन्यांची अदलाबदल झाली तर दोन माणसांवर चुकीचे उपचार होतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. माहिती एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्याची कोणतीही पद्धत निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा: यातले अर्धे वाटेत गळाले, तर मला कळेल का?

दोन्हीकडे बदल झाले तर

व्यवहारात बदल एकाच बाजूने होत नाहीत. समजा संशोधन विभागात सूत्र बदलले, आणि त्याच आठवड्यात तोडलेल्या संगणकावर बसणाऱ्या तंत्रज्ञाने एककाची ओळ दुरुस्त केली. फोल्डर नुसते वर चिकटवले, तर तंत्रज्ञाची दुरुस्ती पुसली जाईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

गठ्ठ्याने काम केले तर दोन्ही धागे वेगवेगळे दिसतात. बदल वेगवेगळ्या ओळींत असतील तर गिट ते आपोआप एकत्र करते. एकाच ओळीत असतील तर थांबते आणि दोन्ही रूपे समोर ठेवते. तिथे निर्णय माणसाने घ्यायचा. हे योग्यच आहे. राउंडला सकाळच्या डॉक्टरांनी एक डोस लिहिला आणि रात्रीच्या डॉक्टरांनी दुसरा, तर सिस्टरने त्यांची सरासरी काढून द्यायची नसते, विचारायचे असते. मग तंत्रज्ञाच्या बाजूनेही तसाच गठ्ठा बांधून उलट पाठवला, की दोन्हीकडचे दप्तर पुन्हा सारखे होते.

एक मात्र ध्यानात ठेवावे. ज्याची नोंद केली नाही, ते गठ्ठ्यात जात नाही. फाइलीत बदल करून ठेवला पण कमिट केले नाही, तर तो बदल त्या संगणकावरच राहतो. राउंडला तोंडी सांगितले पण केसपेपरवर लिहिले नाही, यातलाच हा प्रकार.

काळजी कशाची घ्यायची

ही पद्धत चांगली असली तरी तिलाही पथ्ये आहेत. ती न पाळल्यास फायद्याऐवजी अपाय होईल.

पहिले पथ्य पेन ड्राइव्हचे. तोडलेल्या संगणकापर्यंत व्हायरसही पोहोचतो, आणि तो याच वाटेने येतो. इराणच्या नतान्झ येथील अणुप्रकल्पातली यंत्रे बिघडवणारा ‘स्टक्सनेट’ २०१० मध्ये उघडकीस आला. तो पेन ड्राइव्हवरून पसरू शकत होता, आणि तोडलेल्या यंत्रणेत तो तसाच शिरला असे मानले जाते. म्हणून या कामाचा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवावा. त्यावर गाणी, लग्नाचे फोटो, प्रेझेंटेशन काही नको. आधी तिसऱ्याच एका संगणकावर तो तपासावा. कोणी, कधी, कोणता गठ्ठा आणला याची साध्या रजिस्टरमध्ये नोंद करावी. एकदाच लिहिता येणारी सीडी मिळत असेल तर ती अधिक बरी.

दुसरे पथ्य ओळख पटवण्याचे. गठ्ठा अखंड आहे एवढे संगणक सांगतो. तो योग्य माणसाकडून आला आहे की नाही, हे तो सांगत नाही. कोणी सगळाच खोटा इतिहास रचून बांधला, तर तोही अखंडच दिसेल. रक्त चढवताना आम्ही पिशवीवरचा क्रमांक आणि रुग्णाच्या कागदांवरचा क्रमांक दोघांनी मिळून मोठ्याने वाचतो. पिशवी फुटलेली नाही एवढ्यावर रक्त लावत नाही. इथेही तसेच करावे. पाठवणाऱ्याने शेवटच्या नोंदीचा ४० चिन्हांचा क्रमांक फोनवर किंवा सही केलेल्या कागदावर वेगळा कळवावा, आणि घेणाऱ्याने तो ताडून पाहावा. गिटमध्ये डिजिटल सहीचीही सोय आहे. क्रमांक काढण्याच्या गणिताला ‘एसएचए-१’ म्हणतात. दोन वेगळ्या फाइलींना एकच क्रमांक येईल असे मुद्दाम घडवता येते, हे गूगल आणि अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर असा बनाव ओळखणारी तपासणी गिटमध्ये आली. म्हणून जुनी आवृत्ती वापरत बसू नये.

तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे, आणि ते रुग्णांच्या गोपनीयतेचे आहे. या दप्तरात प्रोग्रॅम ठेवावा, रुग्णांची नावे, फोन नंबर, रिपोर्ट ठेवू नयेत. काही विसरत नाही हा गिटचा गुण इथे दोष ठरतो. एखाद्याने रुग्णांची यादी चुकून आत टाकली आणि दुसऱ्या दिवशी काढली, तरी जुन्या नोंदीत ती राहते. फोल्डरमध्ये दिसत नाही, पण गठ्ठ्याबरोबर प्रवास करते. शिवाय गठ्ठा कुलूपबंद नसतो. पेन ड्राइव्ह बसमध्ये राहिला, तर ज्याला सापडेल तो सगळे वाचू शकतो. म्हणून नेण्यापूर्वी फाइल पासवर्डने एन्क्रिप्ट करावी. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानंतर तरी हा विषय ‘संगणकवाले बघतील’ म्हणून सोडून देण्यासारखा राहिलेला नाही.

आपल्यासाठी

हे वाचणाऱ्या बहुतेकांना आयुष्यात कधी गठ्ठा बांधावा लागणार नाही. एमडी किंवा पीएचडीच्या प्रबंधासाठी आकडेमोड करणाऱ्या मुलामुलींनी मात्र हे शिकून घ्यावे. अर्ध्या दिवसात जमते, गिट मोफत आहे, आणि मार्गदर्शकांनी ‘हा आकडा मागच्या वेळी वेगळा होता ना?’ असे विचारल्यावर उत्तर हाताशी असते. संशोधनाचे काम ज्या संगणकावर चालते त्यावर इंटरनेट नाही, ही आता सबब राहत नाही.

रुग्ण आणि नातेवाइकांसाठी सांगणे वेगळे आहे. आपल्याकडची रुग्णालये अजूनही बहुतांशी एकमेकांशी जोडलेली नाहीत. तालुक्याच्या रुग्णालयातून जिल्ह्याला आणि तिथून मेडिकल कॉलेजला जाताना रुग्णाचा इतिहास प्लास्टिकच्या पिशवीतूनच जातो. ते दोन न जोडलेल्या संगणकांसारखेच आहे, आणि वाहक आपण असतो. म्हणून:

शेवटचाच रिपोर्ट आणू नका. जुने-नवे सगळे तारखेप्रमाणे लावून आणा. क्रिएटिनिन आज १.८ आहे यापेक्षा ते वर्षभरापूर्वी १.२ होते की १.७, यावर आमचा निर्णय जास्त अवलंबून असतो.

ई-जीएफआरबरोबर मूळ क्रिएटिनिनचा आकडा रिपोर्टवर आहे ना, ते पाहा. कोणत्या सूत्राने काढला हेही अनेक प्रयोगशाळा छापतात. दोन रिपोर्टांची तुलना करताना सूत्र एकच आहे का, हे डॉक्टरांना विचारा. क्रिएटिनिन हाती असले की नव्या सूत्राने जुना आकडा दोन मिनिटांत पुन्हा काढता येतो.

बंद केलेल्या औषधांची चिठ्ठी फेकू नका. औषध का बंद केले ते त्यावर लिहून घ्या: पुरळ आले, साखर फार उतरली, पायाला सूज आली. नव्या डॉक्टरांना ते औषध पुन्हा सुरू करण्यापासून तीच एक ओळ थांबवू शकते.

आणि आकडा बदललेला दिसला म्हणून स्वतःहून गोळी बंद किंवा सुरू करू नका. आधी मूत्रपिंड बदलले की सूत्र, हे बघू. त्यासाठी पिशवीतला सगळा गठ्ठा घेऊन या.